अण्णा, खाली बघ

बनशंकरी, सोमवार, १३ जानेवारी २०२५

श्री. वासुदेव यांस,

काल तुला मैदानाबाहेर काढताना मला आनंद झाला असं तुझ्या मनात असेल, तर ते काढून टाक. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. कन्नडात लिहिलं असतं तर लवकर आटोपलं असतं, पण धाकट्या भावावर रागवायचं तर ते आई-मावशीच्या भाषेतच जमतं. 'श्री.' पाहून हसू नकोस. हे पत्र मावसभाऊ म्हणून नाही, बेसबॉलचा अंपायर म्हणून लिहितो आहे.

मी काय चुकीचं केलं ते सांग. शेवटचा डाव, दोन्ही शाळांच्या धावा सारख्या. त्यांचा पोरगा तिसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे सुटला. तो प्लेटवर पोचला तर सामना त्यांचा. त्याआधी तुझ्या कॅचरने, त्या प्रणीतने, चेंडू धरलेला ग्लोव्ह त्याच्या अंगाला लावला तर तो बाद, आणि सामना पुढे चालू. पोरगा घसरत आला, प्रणीत त्याच्या अंगावर पडला, धुरळा उडाला. मी दोन्ही हात आडवे केले. सेफ. बाद दिला असता तरी पुढे तुम्हीच जिंकला असता असं कुठे लिहून ठेवलं आहे?

तू धावत आलास. मी नव्या अंपायरांच्या शिबिरात दरवर्षी एक तास घेतो, त्याचा विषयच मुळी भडकलेला कोच. मास्क काढायचा, म्हणजे त्याला आपला चेहरा दिसतो. हात मागे बांधायचे. त्याच्या आवाजापेक्षा आपला आवाज खाली ठेवायचा. बोलू द्यायचं, निम्मा राग बोलण्यातच संपतो. आपल्याला नीट दिसलं नसेल तर जोडीदाराला विचारायचं, त्यात कमीपणा नाही. निर्णयाबद्दल बोलला तर ऐकायचं, आपल्याबद्दल बोलला तर बाहेर. आणि एवढं करूनही थांबला नाही, तर त्याच्याकडे पाठ करून वाकायचं आणि ब्रशने मातीत बसवलेली ती पांढरी प्लेट साफ करायला लागायचं. पाठीशी कोणाला भांडता येत नाही. ब्रशची ही युक्ती आपल्या गावातल्या अंपायरांना मीच शिकवली, हे तुलाही माहीत आहे.

काल मी यातलं काय केलं नाही? मास्क काढला. ऐकलं. तू म्हणालास, जोडीदाराला विचार. बाजूला जाऊन सुनीलकुमारला विचारलं. परत येऊन निर्णय कायम केला. तरी तू हटला नाहीस, आणि सगळ्यांदेखत मराठीत सुरू झालास. वर 'अण्णा, अण्णा'. आपण भाऊ आहोत हे असोसिएशनला मी कधी सांगितलेलं नाही, ते तुला माहीत आहे. नशीब, या गावात रिक्षावाल्यालाही अण्णाच म्हणतात.

रिपोर्ट आज दिला. त्यात 'मराठीत अपशब्द वापरले' एवढंच लिहिलं आहे. शब्द लिहिले नाहीत, हे उपकारच समज. नियमाप्रमाणे वर्षाची बंदी येऊ शकते. होसकोट्याच्या शाळेत तुझी नेमणूक दर वर्षी नव्याने होते आणि बंदी आली तर ती होणार नाही, एवढं मला कळतं. पण मैदानावर अशा गोष्टी आठवायच्या नसतात.

पद्मनाभ
राज्य अंपायर पॅनेल


बनशंकरी, गुरुवार, १६ जानेवारी

चि. वासुदेव यास, आशीर्वाद.

संक्रांतीचा डबा पोचला. यंदा येणार नाही असं मी धरून चाललो होतो. स्मृतीने नेहमीसारखाच भरला आहे, तीळगुळाचं एळ्ळु-बेल्ला वेगळं, उसाचे करवे वेगळे, आणि वर साखरेचा हत्ती. लहानपणी या हत्तीवरून आपण केवढ्या मारामाऱ्या केल्या. मोठा असून मी कधी सोडला नाही तुला. अनुसूयाने जावेचा डबा माझ्यापुढे ठेवला, तर मी शुगर वाढल्याचं कारण सांगितलं. ती म्हणाली, शुगर तर गेल्या महिन्यात नॉर्मल आली होती. मी पेपर उघडला.

खरं म्हणजे काल मी शिवाजीनगरला गेलो होतो, सुनीलकुमारच्या दुकानात. सायकलच्या चेनी आणि पेडलं यांच्या मधे बसून तो हिशेब करत होता. मला वाटलं, जोडीदार आहे, दोन शब्द धीराचे बोलेल. त्याने चहा मागवला आणि बराच वेळ कप हातात फिरवत बसला. मग स्वल्प घाबरतच म्हणाला, "सर, एक विचारू? मी अल्ला म्हटलं, तरी तुम्ही सेफ कसं दिलंत?"

इथे तुला आमची एक गोष्ट सांगावी लागेल. सुनीलला मराठी येत नाही, पण माझ्याबरोबर इतके सामने केले की चार शब्द त्याने उचलले. त्यातल्या दोन शब्दांची आम्ही खूण करून टाकली. दुसऱ्या कोणाला कळू नये म्हणून मैदानात आम्ही हळूच मराठीत बोलतो. 'आला' म्हणजे सेफ. 'गेला' म्हणजे बाद. त्या दिवशी मी गडबडीत त्याला कन्नडातच विचारलं, "सेफा?" म्हणजे, सेफ का? आणि तोही कन्नडात बोलला, "अल्ला." म्हणजे, नाही.

मी ऐकलं, "आला."

तू हसशील. हस. तू आधीच मराठीत ओरडून माझे कान घरी नेऊन ठेवले होतेस, आणि घरी गेलेल्या कानाला कन्नडातलं 'अल्ला' कुठून ऐकू येणार? चारी बाजूंनी पोरांचा गोंगाट होता. त्यातून प्रणीतची पाठ माझ्या डोळ्यांसमोर आडवी आली होती. हो, मला नीट दिसलं नव्हतं. हे मी सोमवारच्या पत्रात लिहिलं नाही. सेफ दिला तो अंदाजाने.

मी सुनीलला विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीस? तो म्हणाला, प्लेटचा अंपायर तुम्ही, तुमचा शब्द शेवटचा. मला वाटलं, माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं दिसलं असेल. मी शिबिरात शिकवतो तेच त्याने मला ऐकवलं.

तेव्हा चूक झाली, हे मान्य करतो. कानाची चूक आहे, कोणाच्याही हातून होईल अशी. सामना संपल्यावर निर्णय फिरवता येत नाही, हा नियम माझा नाही. पण तुझ्यावरचा रिपोर्ट निर्णयाबद्दल नाही, तू जे बोललास त्याबद्दल आहे, आणि ती गोष्ट वेगळी. शनिवारी २५ तारखेला बैठक आहे. तू शांतपणे दिलगिरी व्यक्त कर, मी पुढचं बघून घेईन.

अनुसूया स्मृतीला विचारते आहे, डबा कधी परत पाठवू.

तुझा,
पद्मनाभ अण्णा


बनशंकरी, रविवार, २६ जानेवारी

वासू,

काल बैठक संपल्यावर मी तुझ्यामागोमाग जिना उतरलो. तू थांबला नाहीस. मी खाली पोचलो तेव्हा तुझी स्कूटर गेटबाहेर वळत होती. थांबला असतास तर मी काय बोललो असतो, ते मलाही माहीत नाही.

मी तिथे का बसलो होतो आणि काय करायचं ठरवून गेलो होतो, ते आधी सांगतो. तू माफी मागशील, मी म्हणेन की जाऊ द्या, खेळात होतं असं, आणि महिन्याभराच्या बंदीवर मिटेल. मी मनातल्या मनात ते वाक्य दहा वेळा म्हणून गेलो होतो. पण तू माफी मागितली नाहीस. तू म्हणालास, पोरगा बाद होता, एवढंच मला सांगायचं आहे. सत्यनारायण सरांनी चष्मा काढून ठेवला. अध्यक्ष झाल्यापासून ते असा चष्मा काढतात तेव्हा समोरच्याचं काही खरं नसतं. ते म्हणाले, निर्णयाचा प्रश्नच नाही, प्रश्न शब्दांचा आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, आम्हा कोणाला मराठी येत नाही, तेव्हा हे नेमकं काय बोलले ते तुम्हीच कन्नडात सांगा.

त्या खोलीत मराठी समजणारी आपण दोघंच होतो. तू समोर बसला होतास, हात मांडीवर ठेवून, लहानपणी मावशी पाढे म्हणायला लावायची तसा. रिपोर्टात मी 'अपशब्द' लिहून बसलो होतो. आता तिथे एखादा अपशब्द तर हवा. मी म्हणालो, "'आंधळ्या, किती पैसे खाल्लेस?' असं म्हणाले."

तू तसं बोलला नव्हतास. हे वाक्य लिहायला मला आजची सगळी सकाळ लागली. झेंडावंदनाला खाली सोसायटीत सगळे जमले होते, मी गेलो नाही.

सरांनी तुला विचारलं, हे असं बोललात का? तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. तू पाहिलंस आणि म्हणालास, "सरी." कन्नडातलं सरी. बरोबर आहे, ठीक आहे, चालू द्या, काय घ्यायचं ते घ्या. त्यांनी बरोबर आहे असंच घेतलं. एका वर्षाची बंदी, आणि शाळेला पत्र.

तू नाही का म्हणाला नाहीस? मी कालपासून याच्यावरच अडकून पडलो आहे. नाही म्हणाला असतास तर तुझा शब्द आणि माझा शब्द समोरासमोर आले असते. मग त्यांनी विचारलं असतं, तुमचं दोघांचं आधीचं काही आहे का? तुला सांगावं लागलं असतं की हा माझा भाऊ आहे. नात्यातल्या कोचच्या सामन्याला मी उभा राहिलो हे कळताच त्यांनी मला पॅनेलवरून काढलं असतं. म्हणजे तू मला वाचवलंस. की मला तसं वाटून घ्यायला बरं वाटतं? कदाचित तू फक्त कंटाळला होतास, माझ्याशी एकाच खोलीत बसायला.

अनुसूयाने विचारलं, काय झालं बैठकीत? मी म्हणालो, नियमाप्रमाणे झालं.

पद्मनाभ


बनशंकरी, गुरुवार, ३० जानेवारी

वासू,

स्मृतीचा फोन आला होता, अनुसूयाला. शाळेने तुला एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं आहे. मुलांसमोर शिवीगाळ करणारा शिक्षक नको, असं हेडमिस्ट्रेस म्हणाल्या. अनुसूया फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली, परत आली, आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "वासूभाऊजींनी शिवी दिली? लग्न होऊन आले तेव्हापासून बघते मी त्यांना. पायावर पाटा पडला तरी 'अय्यो रामा'च्या पुढे गेले नाहीत कधी."

मग ती म्हणाली, काय म्हणाले ते तरी सांगा. मी तिला सांगू शकलो नाही. तुला सांगतो. तुला माहीत असलेलंच सांगतो, कारण मी ते अजून एकदाही कबूल केलेलं नाही.

सुनीलला विचारून मी परत आलो आणि सेफ कायम केला. तेव्हा तू ओरडायचं थांबला होतास. हे मी कोणाला सांगितलं नाही. रिपोर्टात तू ओरडतो आहेस. पण तू थांबला होतास. तू जवळ आलास, मला ऐकू येईल इतपतच बोललास, आणि मराठीत बोललास, कारण दुसऱ्या कोणाला कळू नये एवढी माझी लाज तू राखत होतास. म्हणालास, "अण्णा, खाली बघ."

एवढंच. पुन्हा म्हणालास, "एकदा खाली बघ, अण्णा."

आणि वासू, मी खाली बघितलं.

तांबड्या मातीत त्या पोराच्या घसरण्याचा चर उमटला होता. तो चर प्लेटच्या वीतभर अलीकडे संपत होता, प्रणीतच्या गुडघ्याच्या खुणेपाशी. पुढे प्लेटवर धूळ तशीच बसलेली. बोट लागलं असतं तरी उमटलं असतं. काही उमटलं नव्हतं. तो पोरगा प्लेटला शिवलाच नव्हता. चांगल्या उजेडात, माझ्या बुटांच्या टोकापाशी, अंध माणसालाही हाताने चाचपून कळावं असं लिहिलेलं होतं.

कानाची चूक तिथपर्यंत होती. तिथून पुढे माझी.

तेव्हा मला निर्णय फिरवता आला असता. संघ अजून मैदानातच होते, निकालावर सही झाली नव्हती. मास्क हातात होता, मूठ वर करून 'आउट' म्हणायचं, बस. पण माझ्या मनात आलं, आता फिरवला आणि उद्या कोणाला कळलं की कोच याचा भाऊ आहे, तर? लोक म्हणतील, अण्णा म्हटल्यावर विरघळला. मी याला निःपक्षपातीपणा म्हणत होतो. पंधरा दिवस म्हणत होतो. तो भित्रेपणा होता. तू भाऊ आहेस हे मी लपवलं होतं, म्हणून तुला न्याय देता येईना.

मी वाकलो आणि खिशातून ब्रश काढला.

प्लेट साफ केली. नुसती प्लेट नाही. उठता उठता बुटाने चरावरून माती ओढली. सवयीने झालं असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ब्रश सवयीचा असेल, पण बुटाने माती ओढायला मी कोणाला शिकवलेलं नाही. तू ते बघत होतास. मी उभा राहिलो आणि तुला बाहेर जायची खूण केली, कारण तू अजून तिथे उभा राहिला असतास तर मला तुझ्याकडे बघावं लागलं असतं.

तू गेलास. जाताना प्रणीतच्या पाठीवर हात ठेवलास.

हे सगळं असं आहे. शरम वाटते असं लिहायला गेलं तर शब्द फार गुळगुळीत वाटतो. मी जेवतो, ऑफिसला जातो, बसमध्ये जागा मिळाली तर बसतो, आणि मधेच कुठेतरी तुझा आवाज येतो, खाली बघ. मग मी खरंच खाली बघतो. बसच्या फरशीकडे.

उद्या सत्यनारायण सरांकडे जाणार आहे.

पद्मनाभ


बनशंकरी, रविवार, ९ फेब्रुवारी

वासू,

कालचं तुला मी काय सांगणार, तू तिथे होतास. तरी लिहितो. आजवरच्या पत्रांत मी जे जे वगळलं ते तुला सगळं ठाऊक होतं, मग हेही माझ्या बाजूने एकदा नीट लिहिलेलं असू दे.

आधी सत्यनारायण सरांकडचं. मी सगळं सांगितलं, अल्ला आणि आला, चर, ब्रश, आणि तू माझ्या मावशीचा मुलगा आहेस हे. त्यांनी आतून कॉफी मागवली. म्हणाले, आयितु बिडि, झालं ते झालं. आता हे बाहेर काढलं तर असोसिएशनचं नाव खराब होईल. आपण असं करू, चांगल्या वागणुकीवरून बंदी कमी करू, दोन महिन्यांत तुमचा भाऊ मोकळा, तुम्हीही पॅनेलवर राहा, तुमच्यासारखा माणूस कुठे मिळतो. कॉफी चांगली होती. मी खरं सांगतो, कपातली कॉफी संपेपर्यंत मला ते पटत होतं. सगळ्यांचं भलं होत होतं. मग लक्षात आलं की बंदी उठली तरी शिवी तशीच राहते. तू मुलांसमोर शिवी देणारा मास्तर म्हणूनच राहणार. मी म्हणालो, सर, रिपोर्ट खोटा होता असं मला लिहून द्यायचं आहे. त्यांनी चष्मा काढला.

मला पॅनेलवरून काढलं आहे. कायमचं. शिबिराचा तासही गेला, जो मी घेऊ नये हेच बरं. तुझ्यावरची बंदी शुक्रवारी रद्द झाली. सामन्याचा निकाल तसाच राहील, तो नियम आहे. तुझ्या पोरांचं गेलेलं मी परत आणू शकत नाही.

पण असोसिएशनचा कागद शाळेला टपालाने गेला तर हेडमिस्ट्रेस तो फाइलला लावतील आणि विसरतील, म्हणून मी काल स्वतः होसकोट्याला आलो. तू नेमका खेळाच्या खोलीची चावी परत द्यायला आलेला. तू मला पाहिलंस आणि बाजूला होऊन भिंतीशी उभा राहिलास. मी बाईंना सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाल्या, मुलांनी ऐकलं आहे की त्यांच्या सरांनी शिवी दिली. मग हेही मुलांनाच सांगा. शिपायाला पाठवून त्यांनी संघ मैदानात उभा केला.

वासू, सबंध आयुष्यात मी इतक्या भडकलेल्या कोचांसमोर उभा राहिलो, पण शांत उभ्या असलेल्या पोरांसमोर उभं राहणं काय असतं ते काल कळलं. काढायला मास्क नव्हता. मी हात मागे बांधले आणि सवयीने बांधले गेलेत हे कळून सोडले. कन्नडात सांगितलं. तुमच्या सरांनी शिवी दिली नाही. ते मला म्हणाले, 'केळगे नोडु', खाली बघ. ते मला अण्णा म्हणाले, ते रिक्षावाल्याला म्हणतात तसं नाही. मी त्यांचा खरोखरचा अण्णा आहे.

प्रणीत पुढे आला. तो इतका लहान आहे हे मला त्या दिवशी, अंगावर सगळं पॅडिंग असल्यामुळे, दिसलं नव्हतं. त्याने विचारलं, "मग तुम्ही बघितलंत, सर?"

"बघितलं."

"काय होतं?"

"तू त्याला आधीच बाद केलं होतंस."

त्याने शेजारच्या पोराकडे पाहिलं, आणि त्या पोराने नजर वळवली. तेव्हा मला कळलं की जवळजवळ महिनाभर ही पोरं त्याला म्हणत होती, तुझा ग्लोव्ह उशिरा लागला, तुझ्यामुळे हरलो. मी तुझ्या नोकरीचाच विचार करत बसलो होतो. या पोराचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

बाईंनी चावी तुझ्या हातात परत दिली. सोमवारपासून या, म्हणाल्या. तू ती खिशात टाकलीस आणि पहिल्यांदा माझ्याशी बोललास. मराठीत. आवाज न चढवता, अगदी त्या दिवशीसारखाच.

"अण्णा, हे तू माझ्यासाठी केलं नाहीस. तुला झोप लागावी म्हणून केलंस."

बाई माझ्याकडे वळल्या. "एनंद्रु?" त्यांनी विचारलं, काय म्हणाले? पोरंही माझ्याकडेच बघत होती. पुन्हा त्या सगळ्यांत मराठी समजणारी आपण दोघंच होतो. आभार मानतो आहे, असं मी म्हणालो असतो तर सगळ्यांना पटलं असतं. तुझा चेहरा शांत होता, प्रसंगही तसाच होता. खोटं बोलायची भीती वाटावी इतकं ते सोपं होतं.

मी शब्दाला शब्द लावून कन्नडात सांगितलं. अण्णा, हे तू माझ्यासाठी केलं नाहीस, तुला झोप लागावी म्हणून केलंस. पोरांसमोर सांगितलं, आणि सांगताना खाली बघितलं नाही.

बाईंनी तुला विचारलं, असंच म्हणालात ना?

"सरी," तू म्हणालास, आणि पोरांना घेऊन खेळाच्या खोलीकडे गेलास.

झोपेचं तू म्हणालास ते खरं आहे. ती अजून लागलेली नाही, एवढं तुला कळवायचं होतं. डबा अनुसूयाने धुऊन ठेवला आहे. हत्ती मी खाल्ला नाही, तो पुन्हा आत ठेवला आहे.

पद्मनाभ